सर्व्हरची रोजकीर्द

२०११ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा पुण्यातल्या एका कारखान्याच्या कार्यालयात मेल सर्व्हर सांभाळत होतो. विक्री विभागातले चौघे जण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दौऱ्यावर होते आणि चौघांची तक्रार एकच होती. रोज दुपारी मोबाइलवरचे मेल बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते.

मी सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, उघडल्या. रोज २०:०० नंतर सुमारे पंचवीस मिनिटे एकही ओळ नव्हती आणि त्यानंतर ५०३ या त्रुटीच्या ओळींची रांग लागलेली होती. आमचा रात्रपाळीचा ऑपरेटर आठ वाजता कामावर येई. त्याच्या रजिस्टरात रोजची पहिली नोंद ‘२०:०५, सर्व्हर रूम तपासली’ अशी असे. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मी निष्कर्ष काढून मोकळा झालो. हा मुलगा आल्याआल्या काहीतरी बंद करतो, असे मी साहेबांना सांगितले. तो कंत्राटी कामगार होता. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला.

पुढे काय झाले ते ओघाने येईलच. त्या प्रकरणामुळे मला एक सवय लागली. ज्या नोंदींवर आम्ही इतका विश्वास टाकतो, त्या कोणी आणि कशासाठी लिहायला सुरुवात केली, त्या वाचायची साधने कशी घडली, हे मी शोधू लागलो. हा लेख त्या शोधाचा.

ओंडका, दोरी आणि वही

‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी लाकडाची फळी दोरीला बांधून पाण्यात टाकत. फळी जागच्या जागी तरंगे, जहाज पुढे जाई आणि दोरी सुटत राही. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. वाळूचे छोटे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या, तो जहाजाचा वेग. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’ म्हणजे गाठींमध्येच सांगतात. इंग्रज लेखक विल्यम बोर्न याने १५७४ मध्ये नौकानयनावरच्या आपल्या पुस्तकात या पद्धतीचे वर्णन केले आहे. हा वेग ज्या वहीत उतरवला जाई ती ‘लॉगबुक’. पुढे तिच्यात वारा, दिशा, हवामान, आजारी खलाशी, सगळेच येऊ लागले.

आपल्याकडे हिशेबाच्या दफ्तरांत ‘रोजकीर्द’ असे. त्या दिवशी आलेले आणि गेलेले त्याच दिवशी टिपायचे. लॉग आणि रोजकीर्द यांचा धर्म एकच. घटना घडली की लगेच लिहायचे, क्रमाने लिहायचे आणि लिहिलेले मागे जाऊन बदलायचे नाही. इतिहासाचार्य राजवाडे बखरींपेक्षा अस्सल समकालीन कागदांना महत्त्व देत, ते याचसाठी. बखर घटनेनंतर लिहिली जाते आणि ती कोणाला तरी ऐकवण्यासाठी असते. रोजकीर्द लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहितो आहोत हे ठाऊकही नसते. सर्व्हरच्या बाबतीतही हेच आहे. ‘माझे मेल सारखे बंद पडते’ ही तक्रार म्हणजे बखर. ती खोटी नसते, पण तिला भावना असते आणि विस्मरणही असते. लॉगमधली ओळ हा अस्सल कागद.

टपालाबरोबर आलेली नोंद

संगणकावरच्या टपालाला नोंदीची सवय सुरुवातीच्या काळातच लागली. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेटवरच्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर संदेश पाठवला. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पोचवण्याचे नियम लिहून काढले. त्यांत एक अट अशी होती की, पत्र ज्या ज्या यंत्रातून जाईल त्या प्रत्येकाने आपला वेळेचा शिक्का त्याच्या माथ्यावर मारावा. टपाल कचेऱ्यांचे शिक्के पाहून पाकिटाचा प्रवास सांगता येतो, तसेच हे. आजही कुठल्याही ई-मेलचे पूर्ण शीर्षक उघडले तर हे शिक्के खालून वर वाचता येतात.

पण शिक्के पोचलेल्या पत्रावरच दिसतात. जे पत्र पोचलेच नाही त्याचे काय? त्यासाठी टपालवाल्यानेच आपली वही ठेवायला हवी. बर्कली येथील एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ हा मेल पोचवणारा कार्यक्रम लिहिला आणि त्याच्या नोंदींसाठी ‘सिसलॉग’ ही व्यवस्था केली. ती इतकी सोयीची निघाली की मेलशी संबंध नसलेले कार्यक्रमही तिच्यातच लिहू लागले. सिसलॉगमध्ये प्रत्येक नोंदीला शून्य ते सात अशी गंभीरतेची श्रेणी असते. शून्य म्हणजे यंत्रणा कोलमडली, सात म्हणजे केवळ दुरुस्ती करणाऱ्यासाठी टिपलेला तपशील.

मात्र सिसलॉगच्या जुन्या नोंदीत एक मोठी उणीव होती. २००१ मध्ये या पद्धतीचे लेखी वर्णन प्रसिद्ध झाले. त्यातला वेळेचा साचा पाहिला तर महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद आहेत. वर्ष नाही, आणि वेळ कुठल्या देशाची तेही नाही. २००९ च्या सुधारित मानकात या दोन्ही गोष्टी आल्या. एकाच खोलीतले यंत्र एकाच खोलीतल्या माणसाने वाचायचे, या समजुतीतून ही उणीव आली असावी. जुने मराठी पत्र ‘छ १२ रजब’ एवढेच लिहून थांबते, तसेच हे. लिहिणाऱ्याला वर्ष माहीत होते, वाचणाऱ्यालाही. अडचण येते ती तिसऱ्याला.

वाचण्याची साधने

नोंदी लाखांनी जमू लागल्या तशी त्या वाचायची साधने निघाली. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी लिहिलेले ‘ग्रेप’ १९७३ च्या सुमारास युनिक्समध्ये आले. हवा तो शब्द असलेल्या ओळी ते वेचून देई. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी ‘ऑक’ तयार केले. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे म्हणजेच ते नाव. ऑक ओळीचे रकाने करी आणि रकान्यांची बेरीज-वजाबाकी करी. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची ‘पर्ल’ आली. तिचा मूळ हेतूच विखुरलेल्या मजकुरातून अहवाल काढणे हा होता.

ही तिन्ही साधने युनिक्सच्या घरची. कार्यालयांतले बहुतेक मेल सर्व्हर मात्र पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर गेले आणि तिथला कारभारी माउसला सरावलेला होता. त्याला उपयोगी पडले ते ‘लॉग पार्सर’. मायक्रोसॉफ्टचे गॅब्रिएल जुझेपिनी यांनी ते मुळात वेब सर्व्हरच्या नोंदी बरोबर उतरतात की नाही हे तपासण्यासाठी लिहिले होते. त्याची २.२ ही आवृत्ती २००५ मध्ये आली. साध्या मजकुराच्या फायलीला डेटाबेसचा तक्ता समजून तिला प्रश्न विचारता येणे, ही त्याची खुबी. ‘काल ज्या फोनांनी हजाराहून अधिक वेळा दार ठोठावले त्यांची नावे उतरत्या क्रमाने दे’ असा प्रश्न चार ओळींत लिहिता येई आणि उत्तर चहा येईपर्यंत हाती पडे. २०१२ मध्ये त्यावर खिडक्या-बटणांचे आवरण चढवून ‘लॉग पार्सर स्टुडिओ’ आला. त्यात एक्स्चेंजच्या मेल सर्व्हरसाठी उपयोगी प्रश्न तयारच लिहून ठेवलेले होते.

खिशातले मेल

या साधनांची खरी कसोटी मोबाइलने लावली. टेबलावरचा संगणक दिवसभर एकाच तारेला जोडलेला असतो. फोन लिफ्टमध्ये जातो, बोगद्यात जातो, परदेशी उतरतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २००३ मध्ये ‘ॲक्टिव्हसिंक’ आले, तेव्हा नवे मेल आल्याची वर्दी फोनला एसएमएसने मिळे. ऑक्टोबर २००५ मधल्या सुधारणेने ‘डायरेक्ट पुश’ आले. फोन सर्व्हरला एक विनंती पाठवतो आणि म्हणतो, ‘अमुक मिनिटे ही ओळ धरून ठेव, मध्ये काही आले तर लगेच सांग.’ या विनंतीला ‘पिंग’ म्हणतात आणि धरून ठेवण्याच्या मुदतीला ‘हार्टबीट’. सर्व्हर मूळ मांडणीत ही मुदत एक मिनिटापासून एकोणसाठ मिनिटांपर्यंत मान्य करतो.

गंमत अशी की मधल्या वाटेवरच्या फायरवॉलला हे ठाऊक नसते. तिला पाच-दहा मिनिटे गप्प असलेली जोडणी मेलेली वाटते आणि ती तोडून टाकते. फोन पुन्हा दार ठोठावतो, पुढच्या वेळी मुदत कमी मागतो आणि त्याची बॅटरी संध्याकाळपर्यंत संपते. वापरणाऱ्याची तक्रार असते, ‘फोन खराब आहे.’ सर्व्हरच्या घटनावहीत मात्र ३०३३ क्रमांकाचा इशारा येतो की, अलीकडच्या हार्टबीटची सरासरी ५४० सेकंद किंवा त्याहून कमी आहे, फायरवॉल तपासा. फोन, फायरवॉल आणि सर्व्हर या तिघांत दोष कोणाचा, हे ती एक ओळ सांगून जाते.

२००८ च्या जुलैत ॲपलच्या आयफोनने ॲक्टिव्हसिंक स्वीकारले, अँड्रॉइडही मागोमाग आले, आणि सर्व्हरच्या नोंदी फुगू लागल्या. प्रत्येक ओळीत वापरणाऱ्याचे नाव, फोनचा क्रमांक, त्याची जात, काय मागितले, कोणता उत्तर-क्रमांक मिळाला आणि किती मिलिसेकंद लागले, हे सगळे असे. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४४९ म्हणजे आधी सुरक्षेचे नियम मान्य कर आणि मग ये. ५०३ म्हणजे सेवा आत्ता उपलब्ध नाही. विंडोजचा स्वतःचा ६४ हा आकडा दिसला की समजावे, समोरच्याने मध्येच फोन ठेवला.

या नोंदींनी मोठे प्रश्नही सोडवले. २०१३ च्या जानेवारीअखेर आयफोनची ६.१ ही प्रणाली आली आणि जगभरच्या एक्स्चेंज सर्व्हरांवर चकतीची जागा झपाट्याने भरू लागली. एक्स्चेंजमध्ये ‘ट्रान्झॅक्शन लॉग’ नावाच्या वेगळ्या फायली असतात. डेटाबेसमधला प्रत्येक बदल आधी त्यांत उतरतो आणि यशस्वी बॅकअपनंतर त्या हटतात. त्या ठेवलेली चकती भरली की डेटाबेस बंद पडतो. अशा वेळी पहिला संशय बॅकअपवाल्यावर जातो. पण वेब नोंदींना प्रश्न विचारले की दिसे, एखाददुसरा फोन कॅलेंडरची तीच विनंती अविरत करतो आहे. ठरावीक दिवशी होणाऱ्या बैठकीतली एखादीच बैठक बदललेली असेल आणि तिला फोनवरून उत्तर दिले, तर हा प्रकार सुरू होई. ॲपलने दोष मान्य केला आणि १९ फेब्रुवारी २०१३ रोजी ६.१.२ ही दुरुस्ती दिली.

तीन घड्याळे

आता पुन्हा २०११ कडे. खुलासा लिहिण्यापूर्वी तो ऑपरेटर माझ्याकडे आला. त्याने वाद घातला नाही. एवढेच विचारले, ‘सर, आठ वाजता अर्धे ऑफिस इथेच बसलेले असते. त्यांच्यातल्या कोणाच्याच फोनवर मेल बंद कसे पडत नाही?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी विंडोजची घटनावही उघडली. वेब सेवा बंद झाल्याची नोंद तिथे रोज होती, पण पहाटे १:३० ला. एकाच यंत्रातल्या दोन वह्या साडेपाच तासांच्या फरकाने तीच घटना सांगत होत्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वेब नोंदींचा साचा १९९६ च्या एका मसुद्यावरून आला आहे. त्यात वेळ ग्रीनिचची धरतात आणि विंडोजचा वेब सर्व्हरही तेच पाळतो. घटनावही मात्र यंत्राची स्थानिक वेळ दाखवते. माझ्या लॉगमधले २०:०० म्हणजे पुण्यातली रात्रीची दीड, आणि तारीखही पुढची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असत. तक्रार पहिल्या दिवसापासून ‘दुपारी’ असेच सांगत होती. ती मी नीट वाचली नव्हती.

मग रात्री दीडला सेवा बंद कोण करत होते? तेही सापडले. डिसेंबरात मीच एक छोटे काम वेळापत्रकात टाकले होते. वेब नोंदींच्या जुन्या फायली चकतीवर जागा खात होत्या म्हणून त्या दाबून दुसरीकडे हलवायच्या आणि महिन्याहून जुन्या पुसायच्या. फायली अडकू नयेत म्हणून मी आधी वेब सेवा थांबवत होतो आणि काम संपल्यावर सुरू करत होतो. रात्री दीडला कोणाला मेल हवे असते, असा माझा हिशेब. सेवा बंद असताना लिहिणाराच नसे, म्हणून ती पंचवीस मिनिटांची पोकळी. सेवा सुरू झाली की सगळे फोन एकदम दारावर येत, म्हणून ५०३ ची रांग. त्या पोकळीला मी पुरावा मानले नव्हते. खरे तर सगळ्यात मोठा पुरावा तोच होता. नोंद नसणे हीही नोंद असते.

माझी ही चूक नवी नाही. आपल्या इतिहासाच्या अभ्यासकांना ती चांगली परिचयाची आहे. एकाच प्रसंगाच्या पत्रांत शालिवाहन शक, सुहूर सन, हिजरी सन आणि फसली सन येतात आणि जंत्री हाताशी न ठेवता त्यांचा क्रम लावणारा हमखास फसतो. घड्याळाचीही तीच कथा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी मुंबईने आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालवली. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. त्या काळातल्या मुंबईच्या कागदावर ‘सकाळी नऊ’ असे असेल, तर कुठल्या घड्याळाचे, हे आधी विचारावे लागते. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज २००७ मध्ये मोबाइलच्या नोंदींचा गोषवारा काढणारी आज्ञा दिली होती. तिच्यात वेळ ग्रीनिचची हवी की स्थानिक, हे निवडण्याची सोय होती. साधन बनवणाऱ्यांना धोका माहीत होता. वापरणाऱ्याने विचारायला हवे होते.

मी साहेबांना लेखी कळवले की चूक माझी आहे. खुलासा रद्द झाला. तरी एप्रिलमध्ये कंत्राटदाराने त्या मुलाला दुसऱ्या ठिकाणी हलवले. कारण विचारले तेव्हा ‘मागे ते प्रकरण झाले होते ना’ असे उत्तर आले. माझे पत्र फायलीत होते, पण लोकांच्या तोंडी बखर राहिली होती. हा प्रकार नेमका कोणत्या रात्री सुरू झाला, ते मला त्याच्यासाठी सिद्ध करून देता आले असते तर कदाचित उपयोग झाला असता. पण त्या सुरुवातीच्या दिवसांच्या नोंदी माझ्याच कामाने पुसून टाकल्या होत्या.

दफ्तर कोणाच्या ताब्यात?

नोंदी निर्दोषाला सोडवतात, तशा त्या नको तितके सांगतातही. कोण रात्री दोनला मेल पाठवतो, कोण रजेवर असताना कुठल्या जाळ्यावरून जोडला गेला, हे सगळे त्या ओळींत असते. एकदा एका अधिकाऱ्याने आजारपणाच्या रजेवरच्या सहकाऱ्याच्या फोनच्या नोंदी माझ्याकडे मागितल्या. मी म्हटले, कारण लेखी द्या. लेखी कधी आले नाही. दुरुस्तीसाठी ठेवलेली वही पाळतीची वही व्हायला फक्त एक प्रश्न बदलावा लागतो, साधन तेच राहते.

आता तर दफ्तरच हलले आहे. २०११ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टचे ऑफिस ३६५ सुरू झाले आणि हळूहळू कार्यालयांच्या टपालपेट्या तिथे गेल्या. सोय वाढली. पण ज्या वेब नोंदींना मी प्रश्न विचारत असे, त्या ग्राहकाच्या हाती उरल्या नाहीत. मालक जे अहवाल देईल ते वाचायचे. पुण्याचे पेशवे दफ्तर असेच सरकारच्या कुलपात होते आणि अभ्यासकांना ते सहजी खुले नव्हते. रियासतकार सरदेसाईंच्या संपादनाखाली त्यातले निवडक कागद १९३० पासून ४५ भागांत बाहेर आले तेव्हा अनेक समजुती तपासता आल्या. निवडक म्हटले की निवडणारा आला, हेही तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे.

एक बदल मात्र चांगला झाला. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांत नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात असे सांगितले आहे, आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावीत असेही. हे निर्देश सायबर हल्ल्यांच्या तपासासाठी आहेत, कंत्राटी ऑपरेटरसाठी नाहीत. पण मी ते वाचले तेव्हा मला तोच आठवला. तीस दिवसांऐवजी एकशे ऐंशी दिवस, आणि सगळ्या घड्याळांचा एकच धनी. एवढे तेव्हा असते तर त्याच्या बाजूने कागद उभा राहिला असता.

आज माझ्याकडे नवे लोक नोंदी वाचायला शिकायला येतात. लॉग पार्सर जुना झाला, नवी साधने कितीतरी वेगवान आहेत आणि आलेख काढून देतात. मी त्यांना पहिल्या दिवशी साधन शिकवत नाही. एक कोरा कागद देतो आणि चार प्रश्न लिहायला लावतो. ही नोंद कोणी लिहिली? कुठल्या घड्याळाने लिहिली? काय लिहायचे राहिले? आणि ही वाचून मी कोणाचे नाव घेणार आहे? चौथ्याचे उत्तर लिहिताना हात थोडा थांबला, की मग संगणक उघडायला सांगतो.